मशीनमनच्या तबकड्या

छापखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे मशीनमनच म्हणायचे. ऑफसेटच्या यंत्रापाशी अख्खी हयात गेलेली. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यामुळे यंत्राच्या खडखडाटानं बाकीच्यांचे कान किटायचे, डोकी उठायची, आणि हा माणूस दिवसभर मजेत काम करून ताजातवाना घरी यायचा. छापखान्यातले लोक गमतीनं म्हणायचे, देवानं ह्यांना पाठवतानाच नोकरी ठरवून पाठवलं. मशीनमनना ही गंमत कुणी हातांनी करून सांगितली नाही, म्हणून ते कधी चिडलेही नाहीत.

त्यांची बायकोही ऐकू न येणारीच. पण नवरा जितका अबोल, तितकी ती बोलकी. लोकांच्या तोंडाचा पट्टा चालतो, हिच्या हातांचा चालायचा. बोटं, मनगटं, भुवया, खांदे, सगळं एकदम कामाला लागायचं. बाजारातून आली की पिशवी खाली ठेवायच्या आधीच एका हातानं अर्धी बातमी सांगून झालेली असायची. भांडी घासताना हात अडकलेले असत, तेवढाच काय तो त्या घरातला शांततेचा काळ. नवऱ्याला अहो-जाहो करायची सोय त्या भाषेत नाही. असती तरी तिनं केली नसती.

लेक मात्र ऐकणारी झाली. कॉलेजात असताना तिनं एक छोटा कॅमेरा मिळवला आणि आईचं बोलणं टिपायचा सपाटा लावला. आई स्वयंपाकघरात, आई गच्चीत, आई शेजारणीची नक्कल करताना. मग घरच्या कॉम्प्युटरवर त्याच्या डीव्हीडी केल्या. प्रत्येक तबकडीवर छानपैकी कागदाचं गोल लेबल चिकटवलं, त्यावर रंगीत पेनानं नाव घातलं. पुढं तिचं लग्न झालं, संसार वाढला, दवाखान्यातल्या प्रयोगशाळेतली नोकरी लागली, आणि तबकड्या वडिलांकडे राहिल्या. त्यानंतर आई गेली.

लोकांच्या घरात गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर असतो. मशीनमननी तो लावू दिला नाही. फोटोतली बायको गप्प होती, आणि गप्प बायको त्यांच्या ओळखीची नव्हती. त्याऐवजी रोज दुपारी जेवण झालं की ते एक तबकडी काढायचे, मऊ फडक्यानं पुसायचे, टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घालायचे आणि समोर बसायचे. ती बोलायची, हे मान डोलवायचे. म्हणजे ती असताना जसं चालायचं अगदी तसंच.

एके दुपारी ती बोलता बोलता थांबली. हात हवेत वर गेलेले, आणि तिथेच त्यांचे चौकोन चौकोन झाले. चेहऱ्याच्या जागी हिरवा पट्टा. मग पडदा काळा झाला आणि प्लेअरनं पुढच्या भागावर उडी मारली. मशीनमननी तबकडी काढली, पुन्हा पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तिथेच. दुसरी तबकडी घातली, तीही मध्येच अडखळली. बायको एकदा गेली होती तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं. आता ती दुसऱ्यांदा निघाली होती, आणि ह्या वेळी तिला अशी सहजासहजी जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

तबकड्यांचा गोल डबा काखेत मारून ते थेट चौकातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. कागदावर लिहून विचारलं, ह्याची कॉपी होईल का? कॉम्प्युटरवाला मनानं चांगला. अंगठा दाखवला. काही दिवसांनी त्यानं सगळ्या तबकड्या एका नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये भरून दिल्या आणि दुकानातच एक व्हिडिओ लावून दाखवला. स्वतः कानाला हेडफोन लावून खूश होऊन म्हणाला, "काका, आवाज एकदम क्लिअर आहे बघा!"

काकांनी त्याचे ओठ वाचले, आणि स्क्रीनकडे पाहिलं. बायको तीच, साडी तीच, खिडकी तीच. पण हात? फाइल लहान करायची म्हणून त्यानं चित्र दाबून दाबून बसवलं होतं. तोंडानं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा जरा धूसर झाला तर कुणाचं काही बिघडत नाही, आवाज असतोच. इथे बोटं एकमेकांत विरघळली होती. हात भराभर हलायचे तेव्हा नुसता पांढुरका पंजा इकडून तिकडे जायचा. भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर, खिडकीबाहेरचा कुत्रा, हे सगळं लख्ख जपलं होतं, आणि बाईंचं बोलणं तेवढं पुसून टाकलं होतं.

मशीनमननी कागद ओढला आणि लिहिलं, "बायको बोबडी झाली."

कॉम्प्युटरवाल्याला क्षणभर कळेना. मग त्यानं हेडफोन काढून व्हिडिओ पुन्हा पाहिला, ह्या वेळी आवाजाशिवाय, आणि त्याचा चेहरा उतरला. "सॉरी काका," तो म्हणाला, "माझ्या डोक्यातच आलं नाही." खरंच आलं नव्हतं त्याच्या डोक्यात, आणि तुमच्या-माझ्याही आलं नसतं. त्यानं पैसे परत केले. आहे तशी, न दाबता कॉपी कशी करायची ते कागदावर लिहून देतो म्हणाला, पण प्रत्येक तबकडीला वेळ लागतो आणि खराब झालेल्या तबकडीला तर काळवेळच नाही. दुकान सांभाळून एवढं होणार नाही, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

संध्याकाळी मशीनमननी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. ह्या भाषेत बोलायचं तर फोन कशाला तरी टेकवून दोन्ही हात मोकळे ठेवावे लागतात. लेकीनं तो साखरेच्या डब्याला टेकवला.

"तुझा जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडलाय ना? मला पाहिजे."

"कशाला बाबा? मी करून देते ना. सुट्टीत येते तेव्हा."

"तुझी सुट्टी गेल्या वर्षीपासून येतेय."

"बाबा, ते किचकट असतं. तुम्हाला नाही जमणार."

मशीनमन फार बोलत नसत, पण जेव्हा बोलत तेव्हा मुद्द्याचं बोलत. त्यांनी हात वर केले. "चार रंग एकावर एक केसाचाही फरक न पडता बसवत होतो मी. कॉम्प्युटर पाठव."

कॉम्प्युटर आला. जावई येऊन जोडून गेला. आणि मशीनमननी कंबर कसली. पहिले काही दिवस उंदीर कुठे जायचा आणि बाण कुठे जायचा, ह्याचाच मेळ बसेना. एकदा तर तबकडीचं चित्र माऊसनं धरून सरळ कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओढून ठेवलं आणि कॉपी झाली म्हणून हात झटकले. तबकडी बाहेर काढल्यावर पडद्यावरचं चित्र उघडेना, तेव्हा लक्षात आलं की आपण घराऐवजी घराची पाटी उचलून आणली. स्वतःवरच हसले. पण नाद सोडला नाही. फोल्डर शोधून काढला, त्यातल्या मोठमोठ्या फाइली जशाच्या तशा आत घेतल्या, उघडून बायकोची बोटं मोजता येतात का ते पाहिलं. येत होती. त्या दिवशी त्यांनी जेवण विसरून तबकड्यांमागून तबकड्या घातल्या.

मधेच एकदा दाराचा दिवा लुकलुकायला लागला. त्यांच्या घरची बेल दाबली की आतला दिवा लागायचा. दारात वरच्या मजल्यावरची मास्तरीण, दोन्ही कानांवर हात ठेवून उभी. मशीनमनना वाटलं, हिचं डोकं दुखतंय, त्यांनी गोळी आणून दिली. बाईंनी गोळी बाजूला ठेवली, आत आल्या आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. सकाळपासून त्या डब्यातून असा काही किंचाळण्याचा आवाज येत होता म्हणे, की वरच्या मजल्यावर वह्या तपासणं अशक्य झालं होतं. मशीनमननी ट्रे बाहेर काढला. लेकीनं हौसेनं चिकटवलेलं कागदी लेबल एका बाजूनं सुटून आत घासत होतं. ऐकणाऱ्या माणसानं पहिल्याच मिनिटाला बंद केलं असतं. ह्यांनी सकाळभर बायकोला असं खरवडू दिलं होतं. त्यांनी बाईंना हात जोडले आणि रोज जरा कान ठेवा, काही वेगळं वाटलं तर बेल दाबा, असं लिहून दिलं. बाईंनीही मान्य केलं, आणि इमानानं निभावलं. सुटलेली लेबलं मशीनमननी ब्लेडनं हलक्या हातानं कापून टाकली.

हळूहळू डबा रिकामा होत गेला. गच्चीतली आई वाचली, नकला करणारी आई वाचली. राहिली एकच तबकडी. तीच, जिच्यावर ती पहिल्यांदा थांबली होती, आणि तीच त्यांची सगळ्यात लाडकी.

त्या तबकडीवर ती लेकीच्या जन्माची गोष्ट सांगते. बाळ घरी आलं आणि दोघांना घाम फुटला. बाळ रडलं तर कळणार कसं? समोर असलं तर तोंड उघडलेलं दिसेल, पण डोळा लागला तर? मग तिनं युक्ती काढली. बाळाच्या एका पायाला मऊ नाडी बांधली, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. नवरा म्हणाला, तू बाळंतीण, तुला झोप हवी, मलाही बांध. मग दुसऱ्या पायाची नाडी त्याच्या मनगटाला. झालं असं, की बाळ निवांत झोपलं, पण ही कूस बदलायची की त्याला हिसका, तो दचकून उठायचा की हिला हिसका. तिघांत एकटं बाळच काय ते शहाण्यासारखं वागत होतं. हे सांगताना बाई स्वतःच्या मनगटाला असे काही झटके द्यायच्या की पाहणारा लोळण घेईल. आणि मग... मग चित्राचे चौकोन व्हायचे. पुढं काय झालं, ते गेलं होतं.

मशीनमन ती घेऊन पुन्हा चौकात गेले. कॉम्प्युटरवाल्यानं तबकडी उजेडात तिरपी धरून पाहिली. "काका, ह्याला पुसता कसं?"

मशीनमननी खिशातून फडकं काढलं आणि करून दाखवलं. गोल गोल. यंत्राचा रोलर, शाईची प्लेट, आयुष्यभर हात जसा फिरला तसाच.

कॉम्प्युटरवाल्यानं मान हलवली आणि त्यांच्या हातातून फडकं घेऊन मधून बाहेर, सरळ रेषेत पुसून दाखवलं. असं पुसायचं असतं. आडवा ओरखडा पडला तर यंत्र त्यावरून उडी मारून जातं. गोल ओरखडा पडला की तो चित्राच्या रेघेवरूनच धावत जातो आणि सलग भाग खाऊन टाकतो. एरवी त्यानं हे सांगितलंही नसतं, पण ते गोल गोल पुसणं डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगितलं. मशीनमननी फडकं परत घेऊन खिशात कोंबलं. जिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, तिला रोज दुपारी आपणच थोडं थोडं पुसत होतो. फार वाईट वाटलं त्यांना. माणसानं काळजी कमी घेतली म्हणून नुकसान होतं हे आपण ऐकतो. काळजी जास्त घेतली म्हणून झालेलं नुकसान कुणाला सांगायचं?

रडत बसायचा मात्र त्यांचा स्वभाव नव्हता. कॉम्प्युटरवाल्यानं एक प्रोग्रॅम घालून दिला. तो खराब तबकडी वाचत जातो, जे वाचता येतं ते घेतो, जे येत नाही ते सोडून पुढं जातो आणि मग मागं येऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पडद्यावर वाचलेला भाग हिरवा, हरवलेला भाग लाल. शिवाय एक गोष्ट त्यानं सांगितली, की एका ड्राइव्हला न दिसणारं दुसऱ्या ड्राइव्हला दिसू शकतं. एवढं पुरे होतं. मशीनमननी भंगारवाल्यांचा पिच्छा पुरवला. मोडक्या कॉम्प्युटरमधले ड्राइव्ह काढून आणायचे, जोडायचे, तबकडी घालायची, समोर बसायचं. एक ड्राइव्ह ट्रेच उघडेना. एकानं तबकडी आत घेऊन परत द्यायला नकार दिला, तेव्हा सुईनं भोकात टोचून बाहेर काढावी लागली. एकानं लाल पट्टी नखभर कमी केली, त्या दिवशी मशीनमननी मास्तरीणबाईंना वर जाऊन पेढा देतात तसा गुळाचा खडा दिला. बाईंना कारण कळलं नाही, पण खडा घेतला.

लेक मधूनमधून चौकशी करायची.

"बाबा, पुरे आता. बाकी सगळं मिळालंय ना?"

"अजून लाल आहे."

"थोडंसंच तर आहे."

"त्या थोड्याशातच बोलतेय ती."

लाल पट्टी दोन्ही बाजूंनी आक्रसत गेली आणि शेवटी एका जागी हटून बसली. मग कुठलाच ड्राइव्ह तिला हलवेना. चौकातल्या दुकानातले, भंगारातले, जावयाच्या ऑफिसातला, सगळे झाले. प्रोग्रॅम फिरून फिरून तेच सांगत राहिला. मशीनमननी शेवटी तबकडी काढून पाकिटात घातली आणि लेकीला बोलावून घेतलं. "कॅमेरा घेऊन ये," म्हणाले.

ती आली तेव्हा त्यांनी ठेवणीतला शर्ट घातला होता, दाढी केली होती, आणि खुर्ची खिडकीसमोर ओढली होती. लेक दारातच थबकली. कॅमेरा पाहिला की पळून जाणारा हा माणूस. इतक्या तबकड्यांत त्याचा साधा कोपरासुद्धा कुठे दिसत नाही.

"बाबा, काय चाललंय?"

"जेवढं गेलंय तेवढं मी सांगतो. तू मधे जोड. तुझी पोरगी उद्या बघेल तेव्हा गोष्टीला भोक नको."

"तुम्हाला आठवतं?"

"शेकडो वेळा पाहिलंय."

लेकीला स्वतःला आठवत नव्हतं. तेव्हा ती कॅमेऱ्यामागे होती, बटणांशी खेळण्यात गुंग. आई बोलतेय आणि आपण तिच्या चेहऱ्याचा क्लोजअप घेतोय, हात चौकटीबाहेर गेलेत, हे तिला आईनंच दटावून सांगावं लागायचं. ह्या वेळी तिनं न सांगता चौकट कमरेपासून धरली.

मशीनमननी दोन्ही हात मांडीवर पुसले आणि सुरुवात केली. फार सावकाश बोलले. बायकोसारखे झटके त्यांना जमणार नव्हते, त्यांनी प्रयत्नही केला नाही. सांगितलं की नाड्यांचा तो खेळ संपेना, तेव्हा दोघांनी नाड्या सोडल्या. मग तुझी आई उठून बाळाशेजारी बसली. एवढी थकलेली असूनही दिवसभर बसून राहिली. मी झोपलो. फार मोठी बाई होती तुझी आई. एवढं सांगून त्यांनी हात खाली घेतले आणि कॅमेरा बंद कर म्हणून खूण केली. कपाळावर घाम आला होता.

लेक लगेच कॉम्प्युटरसमोर बसली. आईचा आधीचा भाग ठेवला, त्याला बाबांचा भाग जोडला, त्यापुढं वाचलेला आईचा भाग. मशीनमन तोवर चहा टाकायला गेले. परत येऊन पाहतात तर लेकीचे खांदे गदागदा हलत होते. त्यांना वाटलं, रडतेय. कप खाली ठेवून ते जवळ गेले. ती रडत होतीही, पण त्याहून जास्त हसत होती.

"बाबा, लाल पट्टीच्या पुढचं वाचलंय, ते तुम्ही पाहिलं होतं का?"

नव्हतं पाहिलं. तबकडी बिघडल्यापासून प्लेअर तिथून नेहमी पुढच्या भागावर उडी मारायचा. त्यामुळे तिचं पुढचं बोलणंही गेलंच, असं ते धरून चालले होते. प्रोग्रॅमनं ते हिरवं करून दाखवलं, तेव्हा हिरवं झालं एवढ्यावरच ते खूश होते.

लेकीनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि व्हिडिओ लावला. बायको मनगटाला झटके देतेय. मग खिडकीसमोर म्हातारे मशीनमन, हात सावकाश. ...तुझी आई दिवसभर बसून राहिली. मी झोपलो. फार मोठी बाई होती तुझी आई. आणि त्यापाठोपाठ पुन्हा ती, तरणीताठी, कॅमेऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कुणाकडे तरी डोळे वटारून बघतेय. तेव्हाही मशीनमन कॅमेऱ्याशेजारून हेच सांगत असणार, दुसरं काय?

"खोटारडा! पोरी, ह्याचं काही खरं मानू नको. झोपले होते मी. ढाराढूर. हा बसला होता. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तुझ्या पोटावर तळहात ठेवून. तू रडलीस की पोट थरथरतं, ते ह्याला हाताला कळायचं. पाणी प्यायलासुद्धा उठला नाही, हात उचलावा लागेल म्हणून. आणि विचारलं की दर वेळी माझं नाव पुढं करतो." मग पुन्हा बाजूला वळून, दोन्ही हातांनी, ठणकावून: "तू गप्प बस. गोष्ट माझी आहे."

लेकीनं व्हिडिओ थांबवला. बायकोचे हात स्क्रीनवर अर्ध्यात राहिले, एकेक बोट स्वच्छ दिसत होतं. लेक वडिलांकडे वळली. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की आपल्याला आईनं वाढवलं आणि बाबा छापखान्यात होते.

"बाबा, खरं?"

चोरी पकडली गेल्यासारखे मशीनमन बसून होते. डोळे भरून वाहत होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी फक्त हात उचलले आणि स्क्रीनकडे दाखवलं.

"थांबवू नको. ती बोलतेय अजून."